निळ्या बर्फातली मासळी

ठाण्यातल्या ‘वनश्री’ इमारतीच्या लिफ्टला नाक होतं. छताजवळ, पंख्याच्या जाळीमागे, बिस्किटाच्या पुड्याएवढी एक पांढरी पेटी होती. गॅसची गळती वेळीच कळावी म्हणून ती बसवली असं सोसायटीच्या ठरावात लिहिलेलं होतं, आणि ठरावात लिहिलेलं खरंच असतं असं मानणारी दोन-तीन माणसं सोसायटीत होतीही. बाकीच्यांना माहीत होतं की पेटीला गॅसच्या आधी मासळी कळते. कोणी पापलेटची पिशवी घेऊन आत शिरलं की हिरवा दिवा लाल व्हायचा, पडद्यावर ‘अमाइन आढळले’ अशी अक्षरं यायची आणि लिफ्ट दार उघडं टाकून ढिम्म उभी राहायची. शिवाय ज्या मजल्याचं बटण दाबलं असेल तो मजला सगळ्यांच्या फोनवर जायचा. नाव कोणाचंच घेतलं जात नसे. नाव घेणं असभ्यपणाचं आहे, यावर सोसायटीचं एकमत होतं.

वैजयंती तांडेल या लिफ्टमध्ये पहिल्यांदा शिरली ती २०३६ साली, नातीच्या बारशाला. अलिबागच्या उत्तरेकडच्या कोळीवाड्यात ती तीस वर्षं मासळी विकत आली होती, पण त्या दिवशी तिच्याजवळ मासळी नव्हती. हातांना दोनदा लिंबू चोळलेलं, अंगावर कोरी साडी, पिशवीत बाळासाठी चांदीचे वाळे. तरी दिवा लाल झाला. आत आणखी चार माणसं होती. चौघांनाही एकाच क्षणी आपापल्या फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. वैजयंती बाहेर पडली आणि अकरा मजले जिन्याने चढून गेली. दारात लेकीने, हर्षालीने, विचारलं, एवढा घाम कसा? ती म्हणाली, लिफ्टला गर्दी होती. हर्षालीच्या फोनवर ‘मजला अकरा’ येऊन दहा मिनिटं होऊन गेली होती. दोघी हसल्या. बाळाचं नाव ईरा ठेवून झालं, पेढे झाले, आणि त्यानंतर सहा वर्षं वैजयंती त्या घरी गेली नाही.

बोलावणी यायची. तिच्याकडे कारणं तयार असायची: कधी गुडघा, कधी वाळत घातलेले बोंबील, कधी मावशीकडचं कोणी वारलेलं. सहा वर्षांत तिने मावशीकडची इतकी माणसं मारली की तेवढी त्या घरात कधी जन्मालाही आली नव्हती. हर्षाली मात्र महिन्यातून एकदा ईराला घेऊन कोळीवाड्यात यायची, चार तास बसायची आणि निघताना दोघींच्या अंगावरचे कपडे बदलायची. तेवढा वेळ वैजयंती पाठ करून भांडी लावायची. लावलेलीच भांडी पुन्हा लावायची.

आता या वासाबद्दल थोडं सांगायला हवं. ज्याच्यामुळे एवढं सगळं घडत होतं त्या पदार्थाचं नाव ट्रायमेथिलअमाइन. अमोनियाच्या रेणूत मधे नायट्रोजन आणि भोवती तीन हायड्रोजन असतात. ते तीन काढून त्यांच्या जागी कार्बनचे तीन छोटे गट बसवले की हा तयार. जिवंत मासळीत तो जवळजवळ नसतो. समुद्राचा खारटपणा सोसता यावा म्हणून मासा अंगात एक बिनवासाचं संयुग बाळगतो. त्यात हाच अमाइन असतो, पण ऑक्सिजनच्या एका अणूने बांधलेला. मासा मेला की जिवाणू कामाला लागतात, तो ऑक्सिजन काढून घेतात, आणि सुटलेला अमाइन हवेत उडतो. हवेच्या अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला तरी माणसाचं नाक ओळखतं. तो अल्कधर्मी असल्यामुळे लिंबू, कोकम, चिंच, काहीही आंबट लागलं की त्याचा क्षार होतो, आणि क्षार उडत नाही. कोळणींच्या आज्या-पणज्या मासळीला कोकमाचं आगळ चोळत आल्या त्या याच कारणाने. रसायनशास्त्राचा एकही तास त्यांनी बुडवला नव्हता. कारण तो त्यांना कोणी दिलाच नव्हता.

२०४१ साली निळा बर्फ आला. त्यातली युक्ती समजायला सोपी होती. बर्फाच्या पाण्यात वाटीच्या आकाराचे रेणू मिसळलेले असत. अमाइन सुटला की तो या वाटीत जाऊन बसे आणि तिथेच अडके. ओळखता यावा म्हणून बर्फाला फिका निळा रंग दिलेला. बर्फ वितळून गेला तरी वाट्या मासळीच्या अंगाला चिकटून राहत. त्याच वाट्यांचा पुढे साबणही निघाला. वापरलेलं निळं पाणी कंपनीची गाडी पिंपांतून परत घेऊन जायची, कारण ट्रायमेथिलअमाइनपासून कोलीन बनवतात आणि कोलीन कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावणारी कितीतरी मंडळी त्या कोंबड्या बोटं चाटत खात.

कोळीवाड्यात या बर्फाने काय केलं ते वैजयंतीने स्वतःच्या पद्धतीने मोजून पाहिलं. आधी एसटीत तिच्याशेजारची जागा शेवटी भरायची. अलिबाग-पेणच्या दहा खेपांत मिळून तीनदा कोणी शेजारी बसलं, असा तिचा हिशेब. निळा बर्फ आणि निळा साबण आल्यावर दहांत नऊदा. दहाव्या खेपेला जो म्हातारा उभा राहिला तो कोणाच्याच शेजारी बसत नसे, म्हणून तो तिने धरला नाही. एकदा पांढऱ्या कपड्यांतली एक बाई पेणपर्यंत तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. वैजयंतीला दोन थांबे आधी उतरायचं होतं, पण तिने खांदा हलवला नाही.

तेव्हाच तिने ठरवलं की आता ठाण्याला जायचं.

आणि रिकाम्या हाताने जायचं नाही. नारळी पौर्णिमेनंतर होडी समुद्रात गेली की पहिल्या मोठ्या खेपेतली मासळी भाऊ बहिणीला देतो. त्या कोळीवाड्यात तिला मानाची मासळी म्हणत. ती नुसती देत नाहीत. भावजय ती साफ करते, डोकी काढते, हळद-मीठ लावते आणि डब्यात भरून नणंदेच्या ओटीत घालते. घेणारीने तिथे डबा उघडायचा नाही, हुंगायचा नाही, कधीची आहे म्हणून विचारायचं नाही. दिवसभर लोकांच्या मासळीचे कल्ले उचकटून पाहणाऱ्या बायकांनी एवढी एक मासळी डोळे मिटून घ्यायची असा रिवाज होता. जिने कोणी पूर्वी हुंगली होती, तिच्या माहेरची वाट पुढे बंद झाली होती. अशा एका बाईची गोष्ट चार पिढ्या सांगितली जात होती. तिने मासळी हुंगली तेव्हा ती ताजी निघाली होती, हे सांगताना कोणी विसरत नसे.

तर २०४२च्या त्या शनिवारी जगन्नाथ नाखव्याची होडी आली. जगन्नाथ म्हणजे वैजयंतीचा धाकटा भाऊ, सगळे त्याला जगू म्हणत. त्याच्या बायकोने, शैलाने, बारा बांगडे साफ करून, निळ्या बर्फात घालून नणंदेच्या ओटीत घातले. जगू दारात उभा होता. बहीण सहा वर्षांनी लेकीकडे निघाली याचा त्याला इतका आनंद झाला होता की त्याने तिला एसटीपर्यंत पोचवलं, तिच्यासाठी खिडकीची जागा धरली आणि कंडक्टरला सांगितलं की माझी ताई ठाण्याला चाललीय, लिफ्टने वर जाणार हाय. कंडक्टरने तिकीट फाडलं.

लिफ्टमध्ये दोन बायका आणि कुत्रा घेतलेला एक गृहस्थ होता. ईरा आजीला न्यायला खाली आली होती. दार लागलं. वैजयंतीने वर बघितलं नाही, डब्याची कडी घट्ट धरून ती मजल्यांचे आकडे बघत राहिली. चौथा गेला, सहावा गेला. ईरा प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होती. अकराव्याला दार उघडलं तेव्हा दिवा हिरवाच होता. कुत्रा मात्र डब्याकडे मान वळवून बघत होता. त्याच्या मालकाने त्याला ओढलं आणि वैजयंतीला म्हणाला, सॉरी हं.

घरात हर्षाली होती, तिचा नवरा चिन्मय लेले होता, आणि चिन्मयची आई विभाताई होत्या. विभाताई शाकाहारी. सुनेच्या माहेराबद्दल त्यांनी कधी वावगा शब्द काढला नव्हता. तो विषय निघाला की त्या फक्त खिडकी उघडायच्या. आज त्यांनी खिडक्या बंद ठेवल्या. इतकंच नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि विहीणबाई मसाला कशा लावतात ते पाहू लागल्या. वैजयंतीने त्यांना सांगितलं की तुम्ही आमटी करता तसंच, फक्त आमटी पळून जात नाय. विभाताई हसल्या. चिन्मयने नंतर सांगितलं की मांस-मच्छी चालू असताना आई त्या दारात कधीच उभी राहिली नव्हती.

एक गोष्ट वैजयंतीला माहीत नव्हती. हर्षालीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीला क्षयरोग निघाला होता. हर्षालीला रोग झाला नव्हता, पण जंतू अंगात शिरले होते. ते जागे होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी तिला सहा महिने आयसोनियाझिडच्या गोळ्या दिल्या होत्या. आईने क्षय हा शब्द नुसता ऐकला तरी तिला झोप लागणार नाही म्हणून तिने सांगितलं नाही. गोळ्या देताना डॉक्टर म्हणाले होते की मासळी खायला हरकत नाही, पण बांगडा, कुपा असली तांबड्या मांसाची मासळी शिळी असल्याची शंका आली तर ताटातून बाजूला सारा. गोळ्यांनी काय होतं ते त्यांनी समजावलं होतं, ती विसरली होती. तिला एवढंच आठवत होतं: ताजी असली की चालते.

बांगडे तव्यावर पडायच्या आधी तिने विचारलं.

“आई, ताजी आहे ना गं?”

तव्यात तेल तापत होतं. वैजयंतीच्या हातातला बांगडा हातातच राहिला. मानाच्या मासळीबद्दल हा प्रश्न त्या घराण्यात कोणी विचारला नव्हता, आणि विचारला कोणी, तर पोटच्या पोरीने, विहिणीच्या समोर.

“तुझ्या मामाने दिलीय.”

“तसं नाही. मला फक्त—” हर्षालीने चिन्मयकडे पाहिलं. चिन्मयने गोळ्यांचं सांगून टाक अशा अर्थाने मान हलवली. तिने नाही म्हणून हलवली. सहा वर्षांनी आई आली होती. आजच्या दिवशी क्षयाचं नाव घरात काढायचं तिच्या जिवावर आलं.

वैजयंतीला दोघांच्या त्या माना दिसल्या आणि तिने त्यांचा अर्थ लावला तो भलताच. तिने बांगडा लेकीच्या तोंडासमोर धरला.

“हुंग. सहा वर्सं तुमच्या लिफ्टने हुंगलं, आता तू हुंग.”

हर्षालीने खरंच नाक जवळ नेलं. हळद, मीठ, आणि खाली काहीच नाही. आईला उगाच दुखावलं असं वाटून तिचा चेहरा पडला. आईच्या खांद्याला हात लावून ती म्हणाली, आई, तू पण ना. मग ती ताटं घ्यायला गेली.

जेवताना वैजयंतीने एक तुकडा खाल्ला, चिन्मयने एक. ईराने काट्याच्या भीतीने वरण-भातच खाल्ला. हर्षालीने मात्र दोन पूर्ण बांगडे खाल्ले, आणि आईचा चेहरा अजून सैल झाला नाही हे बघून तिसरा घेतला. जिभेला चुणचुणतंय, मिरची जास्त झाली का, असं ती एकदा म्हणाली. मिरची घरची, वैजयंतीनेच कुटलेली. तिने उत्तर दिलं नाही. अजून ती रागात होती. पंधरा मिनिटांनी राग जायला लागला होता, तेव्हा हर्षालीची मान आणि गाल लाल झाले. मग छातीवर गांधी उठल्या. मग ती म्हणाली की डोकं ठणकतंय, आणि बसल्या जागेवरून उठताना तिला उभं राहता आलं नाही. वैजयंतीचाही चेहरा तापला होता, चिन्मयचाही. दोघांना वाटलं, घाबरल्यामुळे.

रुग्णवाहिका आली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये तिरका करून घालावा लागला. हर्षालीचा श्वास शिटीसारखा वाजत होता. इस्पितळात रक्तदाब वर आणायचे सगळे प्रयत्न झाले. उन्हं उतरायच्या आत ती गेली. चौतीस वर्षांची होती.

पुढचं शास्त्र सबनीसांनी सांगितलं. सबनीस म्हणजे अन्नतपासणीचे अधिकारी. चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारे, मवाळ गृहस्थ. फ्रिजमध्ये बांगडे उरले होते, त्यांतला एक त्यांनी नेला होता. तेराव्यानंतर ते कोळीवाड्यात वैजयंतीच्या ओसरीवर येऊन बसले आणि शाळेत शिकवावं तसं सावकाश सांगू लागले. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं एक द्रव्य भरपूर असतं. मासळी काही तास उबेत राहिली की वेगळ्या जातीचे जिवाणू त्याचं हिस्टमिन करतात. हेही नायट्रोजनचंच पोर, पण हे उडत नाही, याला वास नाही, आणि तळल्याने ते नष्ट होत नाही. नंतर कितीही बर्फात घाला, झालेलं हिस्टमिन जात नाही. किलोमागे दोनशे मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्या बांगड्यात दोन हजारांच्या वर सापडलं. धडधाकट माणसाच्या आतड्यातली विकरं त्यातलं बरंचसं मोडून टाकतात. आयसोनियाझिड नेमकं त्याच विकरांचं काम बंद पाडतं.

वैजयंतीने विचारलं की मग पूर्वी का नाय असं झालं. सबनीस म्हणाले, पूर्वीही व्हायचं, पण क्वचित. कारण मासळी उबेत राहिली की हिस्टमिनच्या जोडीने ट्रायमेथिलअमाइनही वाढायचा. त्याच्यापासून अपाय काही नव्हता. तो नुसती दवंडी द्यायचा.

मानाची मासळी हुंगायची नाही, हा रिवाज तिने जन्मभर पाळला होता आणि त्याचा तिला अभिमान होता. आता तिला कळलं की तो रिवाज चार पिढ्या निभला, कारण हुंगायची गरजच पडत नव्हती. बिघडलेल्या मासळीचा डबा ओटीत पडायच्या आधी हातभर अंतरावरूनच सगळं सांगून टाकायचा, आणि देणारी भावजय लाजून तो परत घ्यायची. माणसं सभ्यपणाने वागत होती ती त्या घाणेरड्या वासाच्या जिवावर.

सबनीस जबाब घ्यायला पुढच्या सोमवारी येणार होते. एकच प्रश्न महत्त्वाचा होता: मासळी कोणत्या होडीची, कोणत्या बर्फातली. ते चार दिवस तिच्या ओसरीवर माणसं येत राहिली. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बाळकृष्ण धनू दोनदा आले. पहिल्यांदा ते नुसते रडले. दुसऱ्यांदा म्हणाले की मासळी ठाण्याच्या बाजारात घेतली असं सांग, बाजाराला तोंड नसतं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तिने होडीचं नाव सांगितलं तर तपास होडीवर येणार, होडीवरून बर्फावर, आणि बर्फ बंद होणार. मग साठ घरांच्या बायका एसटीत पुन्हा एकट्या बसणार. त्यांनी तिला याचीही आठवण करून दिली की लिफ्टच्या यंत्रात नोंद आहे, अकरा बेचाळीसला अमाइन आढळले नाही. म्हणजे मासळी चांगली होती हे ठाण्याची लिफ्टच सांगते, आपण कशाला वाईट म्हणायचं? जाता जाता त्यांनी ईराचं नाव काढलं. वास परत आला तर नातीला भेटणार कशी, एवढंच विचारलं आणि चपला घातल्या.

चिन्मय ईराला घेऊन येऊन गेला. त्याने गोळ्यांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला की चूक त्याची आहे, त्याने मान हलवली पण तोंड उघडलं नाही. वैजयंतीने त्याला पाणी दिलं. या प्रकरणात एक गोष्ट विचित्र होती. एरवी माणसं चुकीतला आपला वाटा दुसऱ्याच्या ताटात सरकवतात. इथे जो येई तो ताटभर मागत होता, आणि कोणाचंही ताट भरलं तरी बाकीच्यांचं रिकामं होत नव्हतं.

जगू चौथ्या दिवशी आला. आतापर्यंत तो आला नव्हता, आणि तो येत नाही याचा अर्थ वैजयंतीला कळत होता. तो उंबऱ्याबाहेर बसला. त्याने सांगितलं की समुद्रात तिसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलं होतं. बर्फ संपलेला. बांगडे सहा-सात तास ताडपत्रीखाली पडून होते. दुसऱ्या होडीने ओढत आणल्यावर बंदरात नवा निळा बर्फ टाकला. ती म्हणाली, तुला काय ठाव असणार, वास तर नव्हता.

“नाय ताई. तसं लिवून देऊ नको. मी बघितलं होतं.”

“काय?”

“डोळे. पांढरे झाले होते. बापाने शिकवलंय आपल्याला, पांढऱ्या डोळ्याची घरात न्यायची नाय. मी उचलून नाकाला लावली, वास आला नाय. म्हटलं, उन्हामुळं दिसत असतील तसे. शैलाला सांगितलं, डोकी लवकर काढ. तू सहा वर्सांनी जाणार होतीस. रिकाम्या हातानं कशी पाठवायची?”

वैजयंतीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या गुडघ्यावर माशीएवढा निळा डाग होता, पिंपातल्या पाण्याचा. थोड्या वेळाने तो उठला, आणि जाताना दर वेळी तिच्या पाया पडायचा तसा वाकला, पण हात पायांपर्यंत आला नाही.

सोमवारी सबनीस आले. त्यांच्याकडे सात पानांचा छापील अर्ज होता. ओसरीखाली धनू चेअरमन आणि वीस-पंचवीस माणसं जमली होती. जगू त्यांच्यात सगळ्यांत मागे होता, भिंतीला टेकून. सबनीस प्रश्न वाचत गेले, वैजयंती सांगत गेली. नाव. वय. धंदा. मृत व्यक्तीशी नातं. मासळीचा प्रकार. मासळी कोठून मिळाली, या प्रश्नापाशी तिने एकदा भिंतीकडे पाहिलं. मग होडीचं नाव सांगितलं, नाखव्याचं नाव सांगितलं, तो आपला सख्खा भाऊ हेही सांगितलं. बर्फ निळा होता, इंजिन बंद पडल्यावर तो संपला होता, डोळे पांढरे होते आणि वास आला नाही म्हणून कोणी डोळ्यांचं ऐकलं नाही, असं तिने एकामागून एक सांगितलं, ग्राहकाला मासळीची नावं सांगावी तसं, आवाज न चढवता. खालची माणसं पांगायला लागली. धनूंनी डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि परत घातली. जगू भिंतीपाशीच राहिला.

सबनीसांनी मसुदा वाचून दाखवला, पेन तिच्यापुढे केलं आणि नियमाप्रमाणे विचारलं की आणखी काही सांगायचं आहे का.

“हाय,” वैजयंती म्हणाली. “तव्यावर टाकायच्या आधी पोरीने विचारलं होतं, ताजी हाय ना. मी धड उत्तर दिलं नाय. ते लिवा.”

सबनीसांनी पानं उलटून पाहिली. “मावशी, याला रकाना नाही. आणि याने तपासात काही फरक पडत नाही.”

“रकाना नसंल तर बाजूला लिवा.”

सबनीसांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. शेवटच्या पानाच्या समासात, बारीक अक्षरात, त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: मृत व्यक्तीने मासळी ताजी आहे का असे विचारले होते; जबाब देणारीने उत्तर दिले नाही.

तिने ते ऐकलं. मग अक्षरं लावत त्या ओळीतल्या ‘उत्तर’ शब्दापाशी बोट ठेवलं.

“हितं ‘रागाने’ लिवा,” ती म्हणाली.

सबनीसांनी दोन शब्दांच्या मधे एक काकपद काढलं आणि वर तेवढा एक शब्द लिहिला. मग तिने सही केली.